बारा फ्लॉप्यांची ओवणी

माझ्या हातून आयुष्यात गाढवपणे पुष्कळ झाले. त्यातले काही मी हसत हसत जगाला सांगितले, काही नवऱ्याच्या नावावर खपवले. पण एक मात्र निव्वळ माझा आहे. अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, संगणकाच्या बारा फ्लॉप्यांना मी भोकं पाडली. चुकून एखादं पडलं असं नव्हे. एकेका फ्लॉपीला सहा, एकूण बहात्तर, पट्टीनं मापून, पेन्सिलीनं खुणा करून, एका ओळीत. वेडंवाकडं काम आमच्या घरात कुणाला खपत नसे, तेव्हा मूर्खपणासुद्धा मी अगदी नेटका केला.

गेल्या महिन्यात नात माझ्याकडं अनगोळला राहायला आली होती. कॉलेजचा काही अहवाल लिहायचा होता, त्यात गणितं होती, म्हणून तिनं लॅपटॉपवर त्या बारा फ्लॉप्यांतलंच सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. मी लसूण सोलत बसले होते. गड्डी संपायच्या आत ती म्हणाली, "आज्जी, झालं." मला का कुणास ठाऊक, राग आला. म्हटलं, "झालं? एवढ्यात? नीट बघ गं, काही राहिलं असेल." ती हसली. मी सालं गोळा करून उठले आणि उगाचच मोरीत जाऊन पाय धुऊन आले.

आमचं माहेरचं घर बेळगावच्या वडगावात. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मधल्या खोलीत आप्पांचं काम, मागं चूल आणि परस. मागांचा आवाज इतका, की आम्ही सगळे जन्मापासून ओरडूनच बोलायचो. लग्न होऊन सासरी गेल्यावर मी ताटावर नुसतं "मीठ" म्हटलं तरी सासूबाई दचकायच्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, विणकरांना नक्षीची कार्डं पाडून द्यायचे. साडीच्या काठात मोर उमटायचा तर कुठल्या क्षणी कुठला धागा वर उचलायचा, हे मागाला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगतात पुठ्ठ्याची लांबट कार्डं. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. एका मोराला तीन-तीनशे कार्डं लागतात आणि ती सगळी दोऱ्यानं एकमेकांना ओवलेली असतात, दोन टोकांना एकेक भोक आणि मध्ये एक. एक कार्ड मागंपुढं झालं की मोराची मान पायात जाते. भोकं पाडायची आप्पांनी, ओवायची मी. सहावीत होते तेव्हापासून ओवत होते. भाकरी करायला मी फार उशिरा शिकले, आणि ती अजूनही बऱ्याचदा आंध्र प्रदेशाच्या नकाशासारखी होते, पण ओवणीत माझा हात धरणारं वडगावात कुणी नव्हतं. हे मी नव्हे, आप्पा सांगत. मी फक्त चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगत असे.

अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. निपाणीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. रोज सकाळी एसटीनं जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्या गाडीत तंबाखूची पोती असायचीच, त्यामुळं त्याच्या सदऱ्याला कायम तंबाखूचा वास. आई सदरा धुताना दोनदा हुंगायची. "खरं सांग रं, वडत न्हाईस न्हवं?" अण्णा म्हणायचा, "आई, निपाणीत श्वास घेतला तरी वडल्यासारखंच हाय." मग तो हातपाय धुऊन जेवायला बसायचा. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आणि शेवटी वाटीभर दूध. दुधावरची साय त्याची. मोठा मुलगा, कमावता, त्यात डोळ्यांनी अधू. सायीवर माझा डोळा होता, पण ते पुढं येईलच.

डोळ्यांचं असं झालं होतं. मागाच्या घरात कापसाची कुसं सतत उडतात. अण्णाचे डोळे लहानपणापासून चुरचुरायचे. कुणीतरी सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून थेंब आणले, बरं वाटलं, मग वर्षानुवर्षं तेच थेंब. कुणाला विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू फळ्याच्या बाहेर गेला आणि पोरं हसली, तेव्हा तो मिरजेला डॉक्टरकडं गेला. त्या थेंबांनीच काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेल्यात जमा. डाव्यात मधोमध एक खिडकी उरली होती, तीही बारीक होत चाललेली. किती दिवस राहील हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. अण्णानंही विचारलं नाही. घरी येऊन आईला म्हणाला, "नवीन थेंब दिल्यात." तेवढंच. मला मात्र परसात नेऊन खरं सांगितलं, कारण त्याला माझ्याकडून काम करून घ्यायचं होतं.

काम असं. अण्णानं एक निबंध लिहिला होता. शिकवायला म्हणून लिहिलेला नव्हे, स्वतः शोधून काढलेलं गणित. कार्डावरची भोकं नुसती बघून, कापड विणायच्या आधीच सांगता येईल का, की ते एकसंध राहील की दोन थरांत सुटून पडेल? आप्पांना त्यानं हे समजावलं तेव्हा आप्पा भोकं पाडायचा पंच खाली ठेवून म्हणाले होते, "त्यासाठनं येवढं कागुद कशाला खराब केलास? मला इचारायचं की." अण्णा म्हणाला, "तुमाला कसं कळतंय, तेच लिवलोय आप्पा." यावर आप्पांनी पंच पुन्हा उचलला आणि त्या दिवशी त्यांनी दोन कार्डं चुकवली.

तो निबंध परदेशातल्या एका गणिताच्या नियतकालिकाला पाठवायचा होता. पूर्वी असले कागद टाइप करून त्यातली चिन्हं हातानं भरायची रीत होती. अण्णाचं अक्षर कोरल्यासारखं, पण आता ती बारीक चिन्हं त्याच्या हाताला सापडेनात. त्याचा एम.एस्सी.चा मित्र बसवराज बेंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत होता. त्यानं सांगितलं, टेक नावाचं सॉफ्टवेअर आहे, गणिताची छपाईसारखी जुळणी घरच्या संगणकावर होते, आणि ते फुकट वाटायला मुभा आहे. अण्णानं संगणक घेतला. तो बेंगळूरहून रात्रीच्या गाडीनं गोधडीत गुंडाळून आला. आईनं त्याला मधल्या खोलीत कोपरा दिला आणि वर जुन्या इरकलीचा तुकडा पांघरला. अण्णाचं म्हणणं एकच होतं. छापल्यासारखा झालेला आपला निबंध आपण स्वतः, आपल्या डोळ्यानं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तपासायचा. "शाले," तो म्हणाला, "गणितात एक चिन्न इकडचं तिकडं झालं की सगळं खोटं हुतंय. दुसऱ्याच्या डोळ्यावर मी न्हाय सोडनार. खिडकी हाय तवर हे हुयाला पायजे." मी टायपिंगची परीक्षा पास होते. पास म्हणजे काय, दुसऱ्या खेपेला. पण तेव्हा मला वाटायचं, बेळगावात यंत्र समजणारी बाई म्हणजे मीच.

श्रावणात बसवराजनं फ्लॉप्या पाठवल्या. आता त्या कुणी बघितल्याही नसतील. काळ्या, चौकोनी, वितीपेक्षा थोड्या लहान, हातात धरल्या की लवणाऱ्या. वरून चौकोनी पाकीट, आत गोल चकती, तिच्यावर सगळं साठवलेलं. आठ दिवस संध्याकाळी थांबून त्यानं एकेक भरली होती. बरोबर चिठ्ठी होती: मी पुढच्या आठवड्यात सहा महिन्यांसाठी जर्मनीला जातोय, जपून वापरा, आणि क्रमानं घाला, क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आकडे त्यानं फ्लॉप्यांवर पेन्सिलीनं पुसट लिहिले होते. अण्णानं एक फ्लॉपी डाव्या डोळ्याजवळ नेली, लांब नेली, तिरपी केली. म्हणाला, "शनवारी मी आल्यावर दोघं मिळून बसू. तवर डब्यात घालून ठेव."

डबा होता. त्यात मी रिबिनी ठेवल्या होत्या.

शनिवारी दुपारी मी त्या फ्लॉप्यांकडं बघत बसले आणि मला सुचलं. अण्णाला आकडे दिसत नाहीत. मग हाताला क्रम लागायला नको का? तीनशे कार्डांचा क्रम दोरा सांभाळतो, तर बाराचा सांभाळणार नाही? मी आप्पांचा हातपंच घेतला. प्रत्येक फ्लॉपीच्या डाव्या कडेला तीन, उजव्या कडेला तीन, दोन कोपऱ्यांत आणि एक मध्ये, कार्डाला पाडतात तशी. पंच कसा खटकन बसायचा! पुठ्ठ्यापेक्षा मऊ काम. आप्पा मागं येऊन उभे राहिले.

"काय करालीस गं?"

"अण्णाच्या फ्लॉप्या ओवालोय. क्रम चुकाय नको." (आमच्याकडं बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पुढं पुण्याच्या नणंदेनं हसून हसून माझी ती सवय मोडली.)

आप्पांनी माळ उचलली, दोन्ही हातांनी ताणून बघितली, जसं गिऱ्हाइकाचं काम बघत तसं. मग गंभीरपणे म्हणाले, "मधल्या भोकातनं दोरा दुहेरी घे. पयल्यांदा मधलंच सुटतंय." मी दुहेरी घेतला. शेवटी बारावी फ्लॉपी पहिलीला जोडली, कारण मागावर माळ गोल फिरावी लागते. का जोडली? माग कुठं होता तिथं? पण हात थांबला नाही. आप्पा म्हणाले, "बरं केलंस, पोरी." त्यांनी असं म्हणायची आयुष्यातली ती तिसरी की चौथी वेळ.

अण्णा आला. चहाही घेऊ न देता मी म्हटलं, "डोळं मिट आन् हात फुडं कर." त्यानं मिटले. मी माळ त्याच्या हातांवर ठेवली. त्याच्या तोंडावर हसू आलं. "कार्डं? कुनाची गं ऑर्डर?" मग त्याची बोटं कडेवरून सरकत गेली, कोपऱ्यातल्या भोकावर थांबली, पुढं गेली, मधल्या भोकावर थांबली. तिथून हललीच नाहीत.

"शाले, ह्या फ्लॉप्या हायत?"

"व्हय. बाराच्या बारा. कळतोय का न्हाय हाताला क्रम?"

पुढच्या खोलीत दोन्ही माग चालू होते, आणि तरीही मला तो श्वास घेताना ऐकू आला. मग तो म्हणाला, "लई सरळ ओवलीयास." आणि थोड्या वेळानं, "कातर आन."

चौकोनातला गोल कुठं कुठं कडेला भिडतो, हे शाळेत मला शिकवलं होतं. कोपऱ्यातली भोकं नुसत्या पाकिटातून गेली होती, त्यांनी काही बिघडलं नव्हतं. मधलं भोक मात्र प्रत्येक वेळी आतल्या चकतीच्या काठातून आरपार गेलं होतं. आणि बाहेरच्या काठावरच चकतीची सगळी अनुक्रमणिका असते, हे अण्णानं मला नंतर सांगितलं. दोरे कापून आम्ही पहिली फ्लॉपी घातली. संगणक घर्र घर्र करून थांबला. पडद्यावर इंग्रजीत आलं, वाचता येत नाही. सोडून देऊ, पुन्हा बघू, की चुकलं म्हणू? मी 'पुन्हा' दाबत राहिले. दुसरी घातली. तिसरी. बाराव्या फ्लॉपीपर्यंत मी 'पुन्हा'च दाबत होते. आप्पा हळूच म्हणाले, "चुकलेलं भोक आपुन बुजवतो की रं. कागुद लावून, खळ घालून." आणि खरोखरच एका फ्लॉपीला त्यांनी इवलासा गोल कागद चिकटवला, वाळवला, अण्णाच्या हातात दिला. अण्णानं तीही घालून बघितली. त्याला ठाऊक होतं, तरी घातली.

आई चुलीवरून ओरडली ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. "टायपिंग पास म्हनं! भाकरीला भोकं पाडतीस तेवडं पुरं न्हवतं व्हय गं?" मी रडत होते. अण्णानं एक फ्लॉपी उचलली, मधलं भोक डाव्या डोळ्याला लावलं आणि दारातून बाहेर बघितलं. म्हणाला, "आई, तिला कशाला बोलालीस? बघ की, ह्यातनं जेवडं दिसतंय, तेवडंच मला तसं बी दिसतंय." आईला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं उसळीचं भांडं उतरवलं आणि पदर तोंडाला लावून परसात गेली.

बसवराज जर्मनीत. त्याच्या संस्थेत आमची दुसरी ओळख नव्हती. अण्णानं पत्र टाकलं, उत्तर यायला महिना गेला. परत आल्यावर पुन्हा भरून देतो, असं त्यात होतं. परत म्हणजे संक्रांतीनंतर. अण्णानं बोटांवर महिने मोजले आणि बोटं मिटून घेतली. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "टेक नसलं तरी मजकूर टाइप करून ठेवता येतोय. साधीच अक्षरं असत्यात, आज्ञा लिवलेल्या. फ्लॉप्या आल्या की नुसतं आत घालायचं. बस."

मग रोज संध्याकाळी आम्ही बसू लागलो. तो सांगायचा, मी बडवायची. उलटी तिरकी रेघ, मग शब्द, मग महिरपी कंस उघडायचा, आत चिन्ह, महिरप बंद. महिरप बंद करायची राहिली की पुढचं सगळं पान कोलमडणार, असं बसवराजनं पाठवलेल्या झेरॉक्समध्ये लिहिलं होतं. गणित मला कळत नव्हतं, पण त्याची चाल हाताला कळू लागली. उचल, सोड, उचल, उचल, सोड. पान पुरं झालं की अण्णा पडद्याला जवळजवळ नाक लावून ओळ न् ओळ वाचायचा. त्याचे पुढचे केस पडद्याकडं ओढले जाऊन उभे राहायचे. ध्यान दिसायचं अगदी.

आता मी शहाणी असते तर मान खाली घालून प्रायश्चित्त केलं असतं. पण चौथ्या-पाचव्या पानापासून माझ्या अंगातलं कारटं परत आलं. मी मुद्दाम चूक घालू लागले. आधी चोरून, मग उघड पैज लावून. प्रत्येक पानात एक चूक, एकच, आणि ती असणारच. अण्णाला सापडली तर तो जिंकला. त्यानं "बरोबर हाय" म्हटलं, की मी टाळी वाजवून "हरलास!" म्हणणार, आणि त्या रात्रीची साय माझी. तो फार कमी हरला. एखादी उघडी राहिलेली महिरप, पाचाच्या जागी सहा, त्याला बरोबर सापडायचं. सापडलं की माझ्या टाळक्यात टपली. "असली चूक तर निपानीची पोरं बी करत न्हाईत. जरा मन लावून फसव की गं." घरात त्या दिवसांत आम्ही दोघंच हसत होतो. आई म्हणायची, "आंधळ्याला आन् गाढवाला हसाय काय लागतंय." ती असं मोठ्यानं म्हणू शकत होती, कारण तिला वाटत होतं की हसतायत म्हणजे बरं आहे.

दिवाळी होऊन गेली होती. मुख्य सिद्धांताचं पान आलं. तेवीस ओळी, सगळ्यांत अवघड. त्या दिवशी मला वाटलं, अण्णा आज थकलाय, सोपी चूक घालू, हसेल तरी. मी पानाच्या मधोमध, एका स्वतंत्र ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाइप केलं: अण्णा गाढव आहे. वरखाली एकेक ओळ कोरी सोडली. परसातून दिसली असती इतकी ठळक. आणि तोंड दाबून बसले.

अण्णा पुढं वाकला. त्याचे केस उभे राहिले. डोकं डावीकडून उजवीकडं फिरलं, थोडं खाली आलं, पुन्हा डावीकडून उजवीकडं. अगदी वाचल्यासारखं. त्या ओळीवरून गेलं आणि खाली आलं. शेवटपर्यंत गेलं. मग तो मागं टेकला.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. तो तसाच बसून राहिला, मीही. मग मी ती ओळ पुसली, मागून एकेक अक्षर, कळ हळू दाबून. म्हटलं, "फुडचं सांग." त्यानं पुढचं सांगितलं. त्या रात्री त्याच्या वाटीतली साय मी बघितलीसुद्धा नाही. पुढची अकरा पानं मी इतकी जपून टाइप केली, की आजवर दुसरं कुठलंच काम मी तशा काळजीनं केलेलं नाही. पान झालं की तो वाकायचा, डोकं फिरवायचा, "बरोबर हाय" म्हणायचा. मी "व्हय" म्हणायची. मला वाटायचं, मी केवढी समजूतदार झाले. एकोणीस वर्षांच्या पोरीला स्वतःबद्दल हे वाटणं फार गोड लागतं.

संक्रांतीनंतर फ्लॉप्या आल्या. ह्या वेळी लाकडी खोक्यात, आणि वर बसवराजच्या हातचं कानडी वळणाचं मराठी: "तंगीला सांगा, ह्याला शिवू नये." तंगी म्हणजे धाकटी बहीण. माग चालू-बंद होताना वीज कमीजास्त होते म्हणून आप्पांनी त्या सकाळी दोन्ही माग थांबवले. दिवाळीच्या पाडव्यालाच काय ते थांबायचे. घरात एवढी शांतता झाली, की शेजारच्या काकू दारात येऊन विचारून गेल्या, "कोन गेलं व्हय?"

मी एकेक फ्लॉपी घातली. संगणक मागेल ती. पडद्यावर येईल ते अण्णाला वाचून दाखवलं. कुठली फाइल आली, कुठल्या अक्षरांचा संच आला. आप्पा माझ्या मागं उभे, हात पाठीशी बांधून. बारावी आत गेली, घर्र आवाज झाला, बंद झाला, आणि काहीही न विचारता संगणक शांत बसला. "झालं?" आप्पांनी विचारलं. मला खात्री नव्हती. अण्णा म्हणाला, "झालं." मग निबंधाची फाइल त्यात घातली. सतरा चुका दाखवल्या, मी दुपारपर्यंत त्या एकेक करून काढल्या. मग संगणकाबरोबर आलेल्या जुन्या प्रिंटरनं कर्र कर्र करत पान बाहेर टाकलं. चिन्हं कशी बसली होती! बेरजेचं मोठं चिन्ह, त्याच्या पायाशी बारीक अक्षर, डोक्यावर बारीक अक्षर. आम्ही इतके महिने अंधारात विणलं होतं आणि कापड असं निघालं होतं. आप्पांनी ते पान कडेनं धरलं, उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, "सफाईदार हाय."

अण्णानं हात पुढं केला. मी पान दिलं. तो खिडकीशी गेला, पान डाव्या डोळ्याजवळ नेलं, थोडं तिरपं केलं. आई पिठाच्या हातांनी उंबऱ्यात उभी होती. बराच वेळ तो तसा उभा राहिला. मग म्हणाला, "छान आलंय." आई डोळे पुसत हसली, आप्पांनी माग सुरू केले. पान उलटं नव्हतं. मी देतानाच सरळ धरून दिलं होतं.

निबंध गेला. वर्षभरानं छापूनही आला. मी अण्णाला तो सबंध वाचून दाखवला, चिन्हांसकट, आणि त्यात एकही चूक नव्हती. लोकांनी माझं कौतुक केलं, मी ते करून घेतलं. पण ते सगळं पुढचं. पाकीट टपालात टाकलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं परसातल्या पायरीवर शेंगा फोडत बसलो होतो. अण्णा शेंग बोटांनी चाचपून फोडायचा, दाणे माझ्या सुपात टाकायचा, टरफलं स्वतःच्या मांडीवर. मी म्हटलं, "अण्णा, त्या भोकांबद्दल तू मला एकदा तरी शिव्या घाल बघू. मला बरं वाटंल." तो हसला. म्हणाला, ती भोकं कधीच माफ झाली, ओवणी फार सुरेख होती. मग त्यानं एक शेंग नुसतीच हातात धरून ठेवली, आणि माझ्याकडं तोंड न करता म्हणाला:

"शाले, तेवीस ओळींचं पान हुतं बघ. मी 'बरोबर हाय' म्हनलो आन् वाट बघत बसलो, तू 'हरलास' म्हनशील म्हनून. लई वेळ बसलो गं मी."